फुफीचं परतीचं तिकीट

४ एप्रिल १९६०, उस्मानाबाद

आज घडलं ते आधी कोरडं लिहिते.

१. वजीरचाचांना मुंबईच्या बोट कंपनीकडून कळलं – हजला जाणाऱ्यानं परतीचं तिकीट आधीच काढायचं. त्याशिवाय बोटीवर घेत नाहीत, जेद्दाला उतरू देत नाहीत.
२. फुफी म्हणाली, "नक्को."
३. चाचा ओरडले. सकिनाचाची रडल्या.
४. फुफी उठून शेळीला पाला घालायला गेली.
५. पुण्याच्या प्रयोगशाळेत माझी नेमणूक झाली. साहेबांनी सकाळी दवाखान्यात सांगितलं. घरी बोलले नाही. ऑर्डर हातात पडल्याशिवाय मी बोलत नसते.

अब्बा-अम्मी गेल्यावर फुफीनंच, अब्बांच्या बहिणीनं, मला वाढवलं. हा हट्टी स्वभाव तू कुणाचा घेतलास, असं लोक मला विचारतात!

५ एप्रिल

भांडण चालू. चाचा-चाची फुफीला हजला नेणार म्हणून तामलवाडीहून आलेत, ते इथंच अडकलेत.

फुफी : "अल्लाच्या दारात जायचं अन् कनवटीला परतीचा कागद? मी काय पाहुणी जातीय व्हय?"

चाचा : "आपा, तिकडच्या सरकारला पुरावा लागतो – ही बाई परत जाणार म्हणून. माणसं तिकडंच राहून जातात. त्यांना पोसायचं कुणी?"

"मला काय लागतंय? अर्धी भाकर!"

"सरकार भाकर मोजत न्हाय, आपा!"

मी मध्ये पडले नाही. दोघांचाही आवाज मोठा आहे, माझी गरज नव्हती.

७ एप्रिल

तोड निघाली. चाचांनी मौलवीसाहेबांनाच घरी आणलं. ते ओसरीवर टेकले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मदिनाबी, हज फर्ज कुणावर? ज्याच्याजवळ जायची अन् यायची, दोन्हीची सोय हाय त्याच्यावर. यायची सोय न करता निघालात, तर सुरुवातच अर्धी."

फुफी सुपारी कातरत राहिली. बरीच कातरली. मग म्हणाली, "अर्धी नको. काढ बाबा तिकीट."

चाचा चप्पल न घालताच पोस्टाकडं निघाले – तार करायला!

१६ एप्रिल

हजला निघणारा माणूस घरोघर जाऊन बोलल्या-चालल्याची माफी मागतो, कुणाचं काही राहिलं असेल ते मिटवतो. रीतच आहे. पण फुफीनं घरच वाटायला काढलं! पलंग मशिदीत बांग देणाऱ्या बांगी साहेबांना. पानदान चुलतसुनेला. जातं, तांब्याचा हंडा, परात – ज्यानं मागितलं त्याला. शेळी शेजारच्या धुरपदाबाईंना. आता बसायला माझी ट्रंक तेवढी उरली आहे.

"परत आल्यावर झोपणार कुठं?" मी विचारलं.

"अल्ला बघंल."

तिकीट जाण्या-येण्याचं आणि घर मात्र नुसतं जाण्याचं. नोंद करून ठेवते. अर्थ लावत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली की दिसेल तेवढंच लिहायचं, असं आम्हाला हैदराबादेत शिकवलंय.

१८ एप्रिल

आज फुफी समोरच्या बिबीजानकडं गेली! तिच्या कोंबडीनं आमच्या वाळत घातलेल्या ईदच्या शेवया खाल्ल्या, तेव्हापासून बोलणं बंद होतं. मी तेव्हा शाळेत होते.

फुफी दारातूनच म्हणाली, "कहासुना माफ कर गे."

बिबीजान : "माफ केलं. पर कोंबडी माझी नव्हती."

"कोंबडी तुझीच होती. तरी माफ कर."

मग दोघी गळ्यात पडून रडल्या. अजून बोलतायत. संध्याकाळचा स्वयंपाक मी केला. भाकरी तीन जागी फाटली.

२० एप्रिल

ऑर्डर आली. पुण्याला जुलैत रुजू व्हायचं. निघायच्या गडबडीत फुफीला कशाला? परत आल्यावर सांगेन.

२४ एप्रिल

फुफी गेली. सोलापूरच्या एस.टी.पर्यंत अर्धी गल्ली पोचवायला. गळ्यात हार, पायात नवे कॅनव्हासचे बूट – फुफी आणि बूट!

प्रत्येकाची काही ना काही फर्माईश. बिबीजानला सुरमा. बांगी साहेबांना तसबी, जपाची माळ. धुरपदाबाई म्हणाल्या, "मला तिथलं खजूर आणा. म्हंजी तुमास्नी परत यावंच लागंल!" सगळे हसले.

तिकिटाची थैली मी मेणकापडाची शिवली होती, ती तिच्या गळ्यात बांधली. गाठ तपासली.

"तुला काय आणू, जैनू?"

"काही नको. ओझं होईल."

ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. "बरं," म्हणाली.

२५ एप्रिल

एकटीचा चहा. पत्ती फार पडली.

११ मे

बेंबळीहून आलेल्या रक्ताच्या काचा तपासल्या. एकीतही हिवताप नाही! घरी येऊन सांगायचं कुणाला? पूर्वी निदान शेळी होती.

६ जून

बकरीद. शेळीची चौकशी केली, तर धुरपदाबाईंनी तिला आत माजघरात बांधून दाराला कडी घातलेली. "आजच्या दिवशी बाहीर काढत न्हाय बाई! फुफीला काय तोंड दाखवू?"

म्हटलं, मावशी, ही शेळी कुणी कापत नाही. तरी कडी काढली नाही. लई हसले.

१४ जून

वजीरचाचांचं पत्र. हज नीट झाला, सगळे सुखरूप. पण आपा बोटीवर बसायला तयार नाही. मक्क्यात हैदराबादवाल्यांचा मुसाफिरखाना आहे, तिथं राहते म्हणते. तिकीट गळ्यात आहे, हात लावू देत नाही. आम्ही शेवटच्या बोटीपर्यंत थांबू, पुढं जमणार नाही.

बिबीजानला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिला पुण्याचं ठावं होतं गे."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या साहेबानंच बाजारात मुबारकबाद दिली, चार तारखेला. दिसभर वाट बघितली, तू सांगशील म्हणून. मला बोलली – पोरगी सांगंना, म्हंजी मला न्यायचं न्हाय. तिच्या पायात कशाला अडकू? तिकडं जागा पाक हाय, तिकडंच राहीन."

चार तारखेपासूनच्या माझ्या सगळ्या नोंदी बरोबर आहेत. पलंग, शेळी, जातं. माझ्याकडं बघत राहणंसुद्धा. निष्कर्ष मात्र मी एकदाही काढला नाही!

१५ जून

सकाळच्या टपालानं गेलेल्या पत्राची नक्कल :

फुफी, सलाम. पुण्याला खोली बघायला सांगितलं तेव्हाच म्हटलं होतं – दोघींची हवी, तळमजल्यावर, बाहेर शेळी बांधायला जागा हवी. तुम्हाला सांगितलं नाही. माझ्या वहीतही लिहिलं नाही. धुरपदाबाई शेळी परत द्यायला तयार आहेत. माझी फर्माईश राहिली होती – तुम्ही या. मुंबईला गोदीवर मी उभी असेन. कुठल्या बोटीनं निघता ते ३० जूनपर्यंत कळवा.
– जैनू