खांबामागची तारीख

उम्म अल कुवैन
शुक्रवार, ३१ जानेवारी २००३

चि. उर्वी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं दोन तारखेचं पत्र काल हातात पडलं. अठ्ठावीस दिवस लागले. पाकिटाचा एक कोपरा भिजून सुकलेला होता, आतले कागद शाबूत. चार ओळी मराठीत आणि पुढे साडेतीन पानं इंग्रजीत. हरकत नाही. डिक्शनरी जवळ घेऊन बसलो होतो, दोनच शब्द अडले.

मी ठीक. उजवा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. शेजारच्या छायामावशींना तुझा फोटो दाखवला. म्हणाल्या, "काय हो तोरस्कर, पोरगी वाळवंटातून उठून वाळवंटातच गेली की." मी म्हटलं, तिथलं वाळवंट लाल आहे. त्यावर, "मग रंगासाठी व्हिसा लागला म्हणायचा." तुझ्यासाठी डिंकाचे लाडू करणार आहेत, पाठवायचे कसे ते मी बघतो.

आता तुझा पहिला प्रश्न. मला नीट कळला की नाही ते आधी तपासून घे. तुझ्या त्या अमेरिकेतल्या रिझर्व्हेशनवर, म्हणजे मूळ रहिवाशांच्या जमातीच्या राखीव प्रदेशात, काही रस्ते फेडरल म्हणजे केंद्राच्या ब्युरोच्या यादीत, काही ट्राइबच्या स्वतःच्या यादीत, काही काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या. ज्याच्या यादीत रस्ता, त्याने तो राखायचा. सहा घरांच्या एका वस्तीकडे जाणारा कच्चा रस्ता मध्ये कोरडा ओढा ओलांडतो. फेडरलची यादी ओढ्याच्या अलीकडे संपते, ट्राइबची पलीकडे सुरू होते, आणि काउंटी म्हणते आमचा संबंध नाही. शाळेची बस मात्र रोज दोनदा त्या ओढ्यातून जाते. तू ट्राइबच्या रोड डिपार्टमेंटची इंजिनिअर. पंधरा मार्चपर्यंत नवी यादी सही करून द्यायची आहे. तुझे साहेब म्हणतात, तो तुकडा सोड, एकदा हात लावला की कायमचा आपल्या गळ्यात. आणि पाण्याची खोली दाखवणारे खांब तुमच्या यार्डात नुसते पडून आहेत. बरोबर?

तर तुझे साहेब चुकत नाहीत. मी इथे आखातात १९७८ साली चेनमन, म्हणजे मोजणीची साखळी धरणारा, म्हणून आलो, अकरावी नापास. जमिनीची उंचसखल मोजायचं लेव्हल मशीन मला कुणी शिकवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सर्व्हेअरचं मशीन पुसायला मागून घ्यायचो आणि पुसता पुसता बघायचो. पण हा नियम मला पहिल्या महिन्यात कळला. हात लावला की आपलं. आज तू दोन खांब रोवलेस की उद्या तिथला खड्डा तुझा, परवा वाहून गेलेली फरशीही तुझी.

आमच्या वादी रुमैलचंच घे, वादी म्हणजे इथला कोरडा ओढाच. हायवेपासून चौदा किलोमीटर तीनशे साठ मीटरपर्यंत रस्ता फेडरल सरकारचा, त्याची देखभाल आमच्या कंपनीकडे. पुढे गावाची वाट, ती तिथल्या कबिल्याची. कधी म्युनिसिपालिटी माती सपाट करायला ग्रेडर फिरवते, कधी नाही. आणि मधली पंच्याऐंशी मीटरची फरशी, जिच्यावरून पूर आला की पाणी वाहतं, ती कुणाच्याच नकाशात नाही. अशा ठिकाणी पत्र लिहावं, पोच घ्यावी, कार्बन कॉपी जपावी. एवढंच आपल्या हातात. तो तुकडा यादीतून सोड आणि ब्युरोला पत्र लिही. मसुदा मी करून देईन.

येत्या अकरा मार्चला तुझ्या आईला जाऊन सात वर्षं होतील. तू लिहिलंस की ती ज्या गाडीत होती त्या गाडीच्या ड्रायव्हरला, शेरजानला, तू अजून माफ केलेलं नाहीस, आणि खांब समोर असूनही माणूस पुरात गाडी घालतोच कसा, हे तुला कळत नाही. त्यावर काय लिहिणार. केस तेव्हाच खलास झाली.

तुझा दुसरा प्रश्न, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुठे होतो, त्याचं सविस्तर नंतर लिहीन. पत्र जड झालं की स्टॅम्प वाढतो.

वेळेवर जेवत जा.

तुझा,
बापू


फॅक्स, एकूण पान एक
रविवार, १६ फेब्रुवारी २००३

उर्वी,

हा तुझ्या ऑफिसच्या नंबरवर पाठवतो आहे, तिथे मराठी वाचणारं दुसरं कुणी नसेल असं धरून.

माझं ३१ तारखेचं पत्र अजून वाटेत असेल. पोचलं तर वाच, पण त्यातल्या सल्ल्यावर सही करू नकोस. थांब.

कारण फॅक्सवर लिहिण्यासारखं नाही. मशीनवरचा क्लार्क विचारतो आहे, "बाबूजी, बस एक पन्ना?" त्याला हो म्हटलं. बाकीचं कुरिअरने येईल, पंधरा मार्चच्या आत इन्शाल्ला.

बापू


उम्म अल कुवैन
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २००३

चि. उर्वी,

मी बरा आहे. आशीर्वाद या वेळी लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

गेल्या शुक्रवारी डोंगरात पाऊस झाला. मी वादी रुमैलला गेलो होतो, जातो मी अधूनमधून. फरशीवरून पाणी वाहत होतं, गढूळ, दिसायला घोट्याएवढं. पलीकडून गावातल्या पोरांची मिनीबस आली. ड्रायव्हर खाली उतरला, खांबावरचा आकडा वाचला, साठ सेंटिमीटर. परत चढला आणि बस मागे घेतली. पोरं खिडकीतून ओरडत होती, यल्ला यल्ला, चला चला म्हणून. त्याने ऐकलं नाही.

तेवढंच झालं. मी गाडीत बसून राहिलो आणि रविवारी तुला फॅक्स केला.

उर्वी, तुझी आई गेली त्या दिवशी तिथे खांब नव्हते.

आता क्रमाने लिहितो. मला क्रमानेच लिहिता येतं.

जुने खांब १९९५ च्या मार्चमध्ये वाहून गेले. ऑक्टोबरमध्ये गावचा म्हातारा प्रमुख आमच्या यार्डात आला. कबिल्यात त्याचा शब्द शेवटचा, पण माझ्यासमोर खजुराचा डबा ठेवून पाहुण्यासारखा बसला. मला तो 'मुहंदिस' म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर. अकरावी नापास माणसाला ते किती गोड लागतं ते तुला नाही कळणार. म्हणाला, "मुहंदिस, म्युनिसिपालिटी म्हणते ते फेडरलचं काम. फेडरलवाले म्हणतात ती तुमच्या कबिल्याची वाट. मी आता ज्याच्याकडे खांब आहेत त्याच्याकडे आलोय." खांब होते. रंगवलेले, तयार, चार. भिंतीला टेकून उभे होते, त्याला बसल्या जागेवरून दिसत होते.

मी त्याला नकाशा दाखवला. चौदा तीनशे साठ. इथे माझी हद्द संपते. अर्ज कुणाला लिहायचा तेही सांगितलं. त्याने खजूर तिथेच ठेवले आणि गेला.

तुझी आई त्याच गावच्या दवाखान्यात नर्स, ती रोज त्या फरशीवरून जाणार. तिनेही विचारलं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा जेवताना. मी तेच उत्तर दिलं. ती म्हणाली, "घरातला बल्ब गेला तर तोही म्युनिसिपालिटीच बदलणार का, हद्दीचे साहेब?" तू हसली होतीस. तुला आठवत नसेल, तू गणितं सोडवत होतीस. दुसऱ्यांदा तिने आठवण केली तेव्हा मी मान डोलावली. तिसऱ्यांदा ती हसत नव्हती. म्हणाली, "अहो, ते खांब माझ्यासाठी लावा. गावासाठी नका लावू." मी म्हटलं, शालिनी, हात लावला की आपलं होतं. ती म्हणाली, "मग होऊ दे ना आपलं."

हे माझं आणि तिचं त्या विषयावरचं शेवटचं बोलणं.

अकरा मार्चला, सोमवारी, गावात एक बाई अडली होती. बाळंतपण उरकून दुपारी अडीचला तुझी आई दवाखान्याच्या पिकअपमधून परत निघाली. आपल्याकडे ऊन होतं, पाऊस वर डोंगरात झालेला. शेरजान त्या वाटेवर नऊ वर्षं गाडी चालवत होता. पाकिस्तानात घरी, स्वातला, जाऊन येताना तुझ्यासाठी जर्दाळू आणायचा, आईला बहनजी म्हणायचा. फरशीवर पाणी होतं, किती ते कळायला काही नव्हतं. त्याने खाली उतरून दगड टाकून पाहिला. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली. पुढचं तुला माहीत आहे. तो झाडाला अडकला, ती नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. बारा तारखेच्या सकाळी मी हॉस्पिटलात कागद करायला गेलो होतो, असं तुला सांगितलं होतं. छायामावशींनीही तुला तेच सांगितलं, कारण मीच त्यांना तसं सांगितलं होतं. तू त्यांच्याकडे सोफ्यावर शाळेच्या युनिफॉर्ममध्ये बसून होतीस. मी हॉस्पिटलात नव्हतो. तुझी आई तिथे एकटी होती.

मी यार्डात गेलो. चारही खांब पिकअपमध्ये टाकले, एक पहार, एक फावडं, काळ्या रंगाचा डबा आणि नंबर घालायचा बारीक ब्रश. सात वाजता फरशीवर. पाणी ओसरलं होतं, चिखल मऊ होता, खड्डे पटकन झाले. दोन या बाजूला, दोन त्या बाजूला, ओळंब्यात. ओळंबा लावून पाहिला मी, उर्वी. त्या सकाळी. मग प्रत्येक खांबाच्या मागे, जिथे रंगवल्याची तारीख घालतात, तिथे लिहिलं: ऑक्टोबर ९५.

तू विचारशील का. तेच मी सात वर्षं शोधतो आहे. स्वतःला वाचवायला म्हणावं, तर मला वाचवायची गरज नव्हती. कायद्याने मी स्वच्छ होतो. फरशी माझ्या हद्दीत नव्हती, नकाशा माझ्याकडे होता, कुणी एक शब्द विचारू शकत नव्हतं. मला वाटतं, मला फक्त ते लावलेले हवे होते. तिने सांगितलं तेव्हाच लावलेले. म्हणून तारीख तिने पहिल्यांदा विचारलं त्या महिन्याची घातली.

पण दहाला पोलिस आले, टेप घेऊन. त्यांनी खांब मोजले, लिहून घेतले. हवालदाराने मला ओळखलं, दुःख व्यक्त केलं, आणि मग सहज विचारलं, हे खांब काल होते ना? मी म्हटलं, होते.

एक शब्द. शेरजान शेवटपर्यंत म्हणत राहिला, "खंबा नहीं था साहब, कसम से नहीं था, तोरस्कर साहब को पूछो." मला विचारलं. मी परत तेच सांगितलं. त्याला सहा महिन्यांची कैद झाली, मग कायमचा परत पाठवला. तू सोळा वर्षांची होतीस आणि त्याच्या नावाने रडायचीस, आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून बसायचो. त्याच हाताने. तू रस्त्याचं शिक्षण घ्यायचं ठरवलंस तेव्हा म्हणालीस, अशी माणसं खांब बघत नाहीत, म्हणून रस्ताच असा बांधायचा की चूक होणार नाही. मला तेव्हा बोलता आलं असतं. एअरपोर्टवरही आलं असतं.

त्या सकाळी पलीकडच्या काठावर गावचा म्हातारा बसला होता. खांब रोवताना त्याने मला पाहिलं. तो कुणाला काही बोलला नाही. दर ऑक्टोबरला मी ते खांब रंगवायला जातो, स्वतःच्या सुट्टीत, कारण ते अजूनही कुणाच्या यादीत नाहीत. तो मला कॉफी देतो, खजूर देतो. पण मला मुहंदिस म्हणत नाही. सात वर्षांत एकदाही नाही.

उद्या सकाळी मी त्या पोलिस ठाण्यात जाणार आहे. जबाब बदलायचा आहे. पुढे माझं काय होईल ते माहीत नाही, विचारून घेतलेलंही नाही; घेतलं असतं तर गेलो नसतो. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मरियमबीकडून शेरजानचा स्वातचा पत्ता मिळाला. त्याला हेच सगळं हिंदीत लिहिलं, मशिदीजवळच्या टायपिंगवाल्याकडून उर्दूत करून घेतलं आणि काल पोस्ट केलं. उत्तर मागितलेलं नाही. तुझ्याकडेही मागत नाही.

तुझ्या सहीचं मात्र मला आता ठामपणे सांगायचं आहे. ३१ तारखेच्या पत्रातला सल्ला फाडून टाक. तो ओढा यादीत घाल. साहेब ऐकत नसतील तर यादीचं भांडण नंतर भांड, खांब आधी लाव. होऊ दे आपलं. हे वाक्य माझं नाही, तुला कळलंच असेल.

साठ सेंटिमीटर खोल गाड, तळाला काँक्रीट. दोन्ही काठांवर दोन दोन, म्हणजे एक पडला तरी दुसरा राहतो. पट्टे दहा दहा सेंटिमीटरचे. लाल रंग तीस सेंटिमीटरवरच सुरू कर, आमच्यासारखा साठवर नको. वाहतं पाणी असलं की तीसलाही गाडी तरंगायला लागते. बसच्या ड्रायव्हरला स्वतः नेऊन दाखव. त्याचं नाव विचारून घे.

आणि मागच्या बाजूला तारीख घालशील. ज्या दिवशी लावशील तीच घाल.

सदानंद विष्णू तोरस्कर
रोड सुपरवायझर
चौदा किलोमीटर तीनशे साठ मीटरपर्यंत