मैदानावर सुकणाऱ्या कपबश्या

७८६
पनवेल, ३ जुलै २००५

मोहतरम मामूजान यांस,
अस्सलामु अलैकुम. सा. न. वि. वि.

सलामाच्या मागोमाग हे 'वि. वि.' बघून हसाल. पण नगरपालिकेच्या मराठी शाळेत छडी खाऊन शिकलेलं पत्रात दिसलं नाही, तर पुढे वाचतच नाही, असं तुम्हीच गेल्या सुट्टीत म्हणाला होतात. फोनवर तुमचं कार्ड संपेपर्यंत अम्मीच रडत असते, माझी पाळी येत नाही. म्हणून हे पत्र.

मामू, मला एमबीएला प्रवेश मिळाला! खांदा कॉलनीतल्या नव्या मॅनेजमेंट कॉलेजात. इमारत इतकी नवी आहे की लायब्ररीत पुस्तकांच्या आधी रंगाचा वास येतो. वर्ग सिनेमा थिएटरसारखा, पायऱ्यापायऱ्यांचा. शेवटच्या रांगेतून सर एवढेसे दिसतात, पण आवाज कानाशी बोलल्यासारखा येतो. खुर्च्यांना चाकं आहेत. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून प्रबळगड दिसतो. पहिल्या दिवशी मी चपला बाहेर काढून आत जाणार होते, खरंच सांगते.

आमचे डायरेक्टर दिनानाथ सर मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, वर्षाच्या शेवटी मी कॉलेजचा अहवाल वाचणार आहे. त्यात इमारतीबद्दल एक ओळ असेल, बाकी सगळं तुम्ही काय केलंत त्याबद्दल. आम्ही साठ जण, सगळे नवखे. आम्ही काय करणार होतो?

काल टपाल नाक्यावर आपल्या दुकानात गेले होते. किटल्या मागे आणि फुलदाण्या पुढे का मांडल्यात, असं बाळूभाऊंना विचारलं. दहा वर्षं दुकान सांभाळणारा माणूस. त्यांनी मला चहा पाजला आणि घरी पाठवलं. मामी खुशाल आहेत. तुमचा हमझा चौथीत गेला.

तुमची दुआ मागे असू द्या.
तुमची,
नशरा


कुवेत, १९ जुलै २००५

चि. नशरा हिस,
अ. उ. आ. आणि ढेर सारी दुआ.

पत्र पोहोचलं. खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. चपला काढण्याचा भाग दोनदा वाचायला लावला.

बेटा, तू शिकतेस याचा मला अभिमानच आहे. पण धंदा वर्गात शिकवतात हे काही मला पटत नाही. माझ्या अब्बांनी हातगाडीवर कपबश्या विकल्या, मग काचसामानाचं दुकान टाकलं. त्यांना कोणी चाकांची खुर्ची दिली नव्हती. तरीही शीक. इथे शुवैखच्या गोदामात आमच्यावर बसलेला साहेब एमबीएच आहे. त्याला कुठल्या खोक्यात काय आहे ते माहीत नसतं, पण त्याची केबिन थंड असते. तुला तशी केबिन मिळावी.

बाळूभाऊंना छळू नकोस. दुकान त्यांच्यावर आहे म्हणून मी इथे झोपू शकतो. मामीकडे जात जा. ती फोनवर सगळं ठीक आहे म्हणते, आणि तेवढंच म्हणते.

मुबीनाआपाला, तुझ्या अम्मीला, सलाम. पत्राची वाट बघत असतो, हे विसरू नको.
तुझा मामू,
इलियास


७८६
पनवेल, ११ ऑगस्ट २००५

मोहतरम मामूजान यांस,
अस्सलामु अलैकुम. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे जिवंत आणि धडधाकट आहोत, हे फोनवर कळलंच असेल. बाकीचं मामींनी सांगितलं नसणार, म्हणून लिहिते.

सव्वीस जुलैला गाढी नदी गावात आली. दुसरे शब्द नाहीत माझ्याकडे. टपाल नाक्यावर दुकानांच्या पाट्या तेवढ्या पाण्याबाहेर होत्या. मी कॉलेजात अडकले होते. संध्याकाळी लोक यायला लागले, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. रखवालदाराने फाटक लावून घेतलं होतं. पुढच्याच आठवड्यात मान्यतेच्या तपासणीची समिती यायची होती, नवे गालिचे अंथरलेले होते. दिनानाथ सर स्वतः भिजत खाली आले, फाटक उघडलं, आणि आधी गालिच्याच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांना घ्या म्हणाले.

मामू, त्यानंतर जे पाहिलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्या पायऱ्यापायऱ्यांच्या वर्गात प्रत्येक पायरीवर एकेक कुटुंब झोपलं होतं. शिरढोणकडच्या एक गंगाबाई, बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान, फळ्याखाली बसून सगळ्यांच्या पोरांना थोपटत होत्या. आमच्या वर्गातला धर्मराज, जो कधी तोंड उघडत नाही, त्याने फळ्यावर तक्ता काढला: कोणाला औषध हवं, कोणाचं माणूस सापडत नाही, पिण्याचं पाणी कुठून येणार. रात्रीतून साठ जणांचं एक कारखान्यासारखं काम चालू झालं. समिती आली तेव्हा वऱ्हांड्यात लुगडी वाळत होती. समितीतल्या लोकांनी हात जोडले, चहा घेतला आणि वर्ग भरलेले असल्यामुळे नियमाप्रमाणे विद्यार्थ्यांच्या वाढीव जागा यंदा देता येणार नाहीत, असं लिहून दिलं. सर एवढंच म्हणाले, त्यांचं बरोबर आहे.

आता दुकानाचं. बाळूभाऊंचं घरच पडलं. ते बायकोला घेऊन भावाकडे ठाण्याला गेले, आता परत उभारी धरवत नाही म्हणाले. मी आणि मामी शटर उघडायला गेलो. आत सगळीकडे चिखल आणि चिखलात काच. मामी उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत. मग हात घालून एक बशी काढली, पदराने पुसली, आणि फुटलेली नाही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, या सत्राचा प्रकल्प बाजार. दोघादोघांनी एकेक बुडालेलं दुकान घ्यायचं आणि ते उभं राहीपर्यंत सोडायचं नाही. आपल्या दुकानाला मी आणि धर्मराज. टेम्पोतून सगळा माल कॉलेजात आणला, कारण धुवायला स्वच्छ पाणी तिथेच होतं. ऊन पडलं त्या दिवशी बास्केटबॉलच्या मैदानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आपल्या कपबश्या, किटल्या, बरण्या सुकत होत्या. वरच्या मजल्यावरून पाहिलं तर डोळे दिपत होते. सगळं कॉलेज खिडक्यांत उभं होतं.

दुआ करा, आणि रागावू नका.
तुमची,
नशरा


कुवेत, २७ ऑगस्ट २००५

चि. नशरा हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून दिवसभर गोदामात खोकी मोजायची विसरलो. तुमच्या सरांना माझा सलाम सांग. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.

पण बेटा, भावनेच्या भरात राहू नका. बाळूभाऊ नाहीत, म्हणजे दुकान नाही. मी इथून येऊ शकत नाही, करार बाकी आहे. टपाल नाक्यावरची जागा एक बिल्डर कधीपासून मागतोय. मी त्याला होकार कळवतोय. तुझी मामी अस्मा लग्नाच्या चौदा वर्षांत त्या काउंटरमागे एकदाही उभी राहिलेली नाही. बाजारात गिऱ्हाइकाशी घासाघीस करणं तिला झेपणार नाही, आणि तिने करावं असं मला वाटतही नाही. तुम्ही पोरं परीक्षा द्याल आणि निघून जाल. मग?

तिला हळू समजाव. तुझं ती ऐकते.
तुझा मामू,
इलियास


७८६
पनवेल, १८ सप्टेंबर २००५

हमझाच्या अब्बांना,
अस्माचा सलाम. वि. वि.

लग्नानंतर तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र असेल. फोनवर मला हो म्हणायची सवय लागलीय, म्हणून लिहायला घेतलं.

नशराने तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. समजावणं तिला जमलं नाही, ती मधेच रडायला लागली. मीच तिला पाणी दिलं.

दुकान विकू नका. मी बसते आहे. तुम्हाला न विचारता बसले, त्याची माफी नंतर मागेन. पहिल्या आठवड्यात फार चुका केल्या. बाजारात सगळ्यांच्याच घरातली भांडी वाहून गेलेली. जो येईल त्याला मी नंतर द्या म्हणत माल देत सुटले. धर्मराज नावाचा पोरगा दोन दिवस गप्प बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, मामी, असंच चाललं तर रमजानपर्यंत दुकान रिकामं आणि तुम्ही घरी. मला राग आला. घरी येऊन विचार केला तर त्याचं खरं होतं. मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. ज्याचे सेट मोडलेत तो माल सुटा विकायचा, एक कप पाहिजे तर एक कप. आणि चांगल्या प्लेटा विकायच्याच नाहीत, भाड्याने द्यायच्या. ही दुसरी गोष्ट माझ्या डोक्यातून निघाली. गणपतीत दोन मंडळांनी प्लेटा नेल्या, धुऊन परत आणल्या. आता मशिदीतून इफ्तारीसाठी विचारणा आलीय.

ती पोरं मला कॉलेजात घेऊन गेली होती. सरांनी मला वर्गात बसवलं. सगळं इंग्रजी मिसळून होतं, अर्धं डोक्यावरून गेलं. पण गिऱ्हाईक परत का येतं यावर दोन तास बोलले हो! मला वाटायचं या गोष्टीवर फक्त बायका बोलतात, ओट्यावर बसून. एवढ्या मोठ्या इमारतीत, एवढी शिकलेली माणसं, आणि प्रश्न आपलाच. मला घरी आल्यावर आनंदाने जेवण गेलं नाही.

बिल्डर दोनदा येऊन गेला. मी त्याला कप दाखवले.

तब्येत सांभाळा. माझ्यावर नाराज असाल तर तसं लिहा, पण लिहा.
तुमची,
अस्मा


७८६
पनवेल, ५ मार्च २००६

मोहतरम मामूजान यांस,
अस्सलामु अलैकुम. सा. न. वि. वि.

मामींच्या पत्राला तुम्ही फक्त 'जसं तुला योग्य वाटेल' एवढं उत्तर धाडलंत. मामींनी ते काचेच्या कपाटात ठेवलंय. आज मात्र तुम्हाला सगळं वाचावं लागेल, कारण काल आमच्या कॉलेजचा वार्षिक समारंभ झाला.

दुपारी हॉलमध्ये पालक, प्राध्यापक आणि आम्ही होतो. मागच्या अर्ध्या खुर्च्या मोकळ्या. दिनानाथ सर अहवाल घेऊन उभे राहिले आणि तेवढ्यात दार उघडलं. टपाल नाका आत आला, मामू! कापडवाले, औषधवाले, सायकलवाले, फरसाणवाले, चालत्या बाजाराच्या दिवशी शटर पाडून, इस्त्रीचे कपडे घालून. कोणी आमंत्रण दिलं नव्हतं. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला लागून उभी राहिली. सरांनी मंचावरची आपली खुर्चीही खाली पाठवली.

मग त्यांनी वाचलं. लायब्ररीत किती पुस्तकं वाढली. आमचा संघ पुण्याच्या स्पर्धेत अंतिम फेरीत गेला. वरच्या वर्गातल्या बहुतेकांना नोकऱ्या लागल्या. वाढीव जागांना मान्यता मिळाली नाही, हेही वाचलं. पुढे म्हणाले, यशाच्या आधी अपयश सांगतो. गंगाबाईंचं बांगड्यांचं दुकान आम्ही वाचवू शकलो नाही. मुलांनी चार महिने जीव तोडून प्रयत्न केला, आमचा सल्ला चुकला, दुकान बंद झालं. गंगाबाई इथे आल्या आहेत. हे सगळ्यांसमोर कबूल केल्याशिवाय मला पुढचं पान उलटता येणार नाही. गंगाबाई तिसऱ्या रांगेत होत्या. त्या उठून मोठ्याने म्हणाल्या, की दुकान गेलं ते पाण्याने, तुमी नाय घालवलं. रातभर माज्या नातवाला मांडीवर घेऊन बसलेली पोरं हायत ही, ते पण लिवा त्याच्यात. सरांनी खिशातून पेन काढलं आणि तिथेच, मंचावर, अहवालात ते लिहिलं.

नंतर बाजाराचं. बाकीची सगळी दुकानं उभी आहेत. त्यांच्या वतीने बोलायला बाजाराने मामींना निवडलं होतं. आम्हाला पत्ताच नव्हता. मामी पाठ केलेलं सगळं माइकसमोर विसरल्या. मग म्हणाल्या, मी बोलायला शिकलेली नाही, विकायला शिकलेय, आणि तेही याच वर्षी. मी दुकानात गेले तेव्हा माझ्याकडे चिखल होता. या मुलांनी तो धुतला आणि खाली काय आहे ते मला दाखवलं. एवढंच बोलून खाली उतरल्या. आधी धर्मराज उठून उभा राहिला, मग वर्ग, आणि भिंतीला लागलेला सगळा बाजार आधीच उभा होता, म्हणून त्याने हात वर केले.

शेवटी सरांनी पुढच्या योजना सांगितल्या. मुलींसाठी वसतिगृह. उरण, पनवेलच्या गावांतून लहान धंदे सुरू करणाऱ्यांना बसायला एक मोठी खोली. आणि जूनपासून संध्याकाळचा वर्ग, मराठीतून, दुकानदारांसाठी, वयाची अट नाही. मामी पहिल्या विद्यार्थिनी. गंगाबाईंनीही नाव दिलंय, पुन्हा मांडायचं म्हणतात.

समारंभाची सीडी पाठवतेय. दुआ आणि उत्तर, दोन्ही लांबलचक धाडा.
तुमची,
नशरा


कुवेत, ३० मार्च २००६

चि. नशरा हिस,
अ. उ. आ.

जुम्म्याच्या सुट्टीला दुपारी सीडी लावली. खोलीतले सगळे जमले, शेजारच्या खोलीतलेही आले. दाराशी आपला बाजार दिसला तेव्हा मी नावं घेऊन एकेकाला ओळखून दाखवत होतो. मग अस्मा मंचावर आली. माझ्या तोंडून नाव निघेना. महाडचा एक जण आहे इथे, त्याने विचारलं की या बाई कोण. दुसऱ्याने सांगितलं की इलियासभाईंची घरवाली. मी म्हटलं, नाही, ही दुकानाची मालकीण आहे. संपल्यावर महाडवाल्याने पुन्हा लावायला सांगितली. त्याचीही बायको घरी सगळं ठीक आहे म्हणते.

बेटा, इथे दहा वर्षं मी दुसऱ्याच्या गोदामात कुठे काय आहे ते ध्यानात ठेवतोय. माझ्या घरात काय होतं ते एका कॉलेजातल्या पोरांनी शोधून काढलं. तुमच्या सरांना हे सांगशील तर माझ्या वतीने उभं राहून सांग.

ऑगस्टमध्ये करार संपतोय. नवीन करत नाही. तुमच्या संध्याकाळच्या वर्गात अकरावी नापास माणसाला घेतात का, विचारून ठेव. आणि अस्माला विचारून कळव, की आल्यावर मी काउंटरच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं.

तिच्या उत्तराच्या आणि तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझा मामू,
इलियास