पाळीच्या बाईला विचारलेला प्रश्न

१२ जानेवारी १९८७, सोमवार

आजही बस नाही. मराठी-कोंकणीच्या भांडणात कुणीतरी रस्त्यावर झाड आडवं घातलेलं. नार्व्याहून, मावशीच्या घरून, निम्मी वाट चालत, पुढे दुधाच्या गाडीवर. दिचोलीच्या इस्पितळात पोचले तर केरकर सर एक्स-रे खोलीच्या दारातच उभे.

"आयलें बाय? तुमच्याच लोकांनी झाड घातलं न्हू? मागीर थकलें म्हणून सांगू नाका."

बाबा हळर्णला मराठी शाळेत मास्तर, म्हणून मी "तुमचे लोक". सरांचा मुलगा कोंकणीच्या मोर्च्यात असतो, ते मी कधी काढत नाही. मी इथे फोटो काढायला शिकायला आलेय. डार्करूमचे ट्रे घासत बसले. हाताला फिल्म धुण्याच्या हायपोचा वास, मावशी जेवताना नाक मुरडते.

१४ जाने.

पेशंटशी कसं वागायचं, यावर सरांनी तासभर शिकवलं. शिकणारी मी एकटीच. आपलं नाव सांगायचं. त्याला नावानं हाक मारायची. काय करणार ते आधी सांगायचं. टेबल थंड असतं, चादर घालायची. अंग उघडं पडू द्यायचं नाही. बाईमाणूस असेल आणि पोटाचा, कंबरेचा फोटो असेल तर दिवस राहिलेत का ते आधी विचारायचं, कारण किरणं गर्भाला बाधतात. शिकवतात सुरेख, खोटं कशाला बोलू.

मग लगेच बेळगावकडचा एक म्हातारा आला. "छाती लाव! धर! धर म्हणतां न्हू!" म्हाताऱ्याला वाटलं यंत्र धरायचंय. दोन्ही हातांनी मिठीच मारली त्यानं. सर खो खो हसले. "कसले कसले येतात हांगा." मी म्हाताऱ्याला मराठीत सांगितलं, आजोबा, श्वास आत घ्या आणि सोडू नका. घेतला बिचाऱ्यानं. फोटो एकदम स्वच्छ.

सर म्हणाले, "कोंकणी उलय. गोंय हें."

श्वास कुठल्या भाषेत घेतात ते विचारायचं ओठांवर आलं होतं. गिळलं. वर्ष पुरं व्हायचंय.

२० जाने., मंगळ

लिहून काढते.

दुपारी पाळी गावाहून एक बाई आली. सुनंदा राऊळ. मूळची कुडाळकडची, खाणीवर टोपली वाहते. मातीच्या ढिगावरून घसरून कंबरेवर आपटलेली. बरोबर थोरला दीर, भिकाजी. तोही खाणीवरच. दिरानं तिचं नाव, वय, गाव सगळं स्वतःच सांगितलं, तिला तोंड उघडू दिलं नाही. डॉक्टरांनी कंबरेचा फोटो लिहिलेला.

मी तिला आत घेतलं. नाव सांगितलं माझं. मग विचारलं, शेवटची पाळी कधी आली?

"पाळयेक? पाळयेक येवन दोन वर्सां झाली. खाणीर कामाक."

सरांना हसू आवरेना. बाहेर दीर पण हसला, म्हणजे त्यालाही सगळं ऐकू जात होतं. दार नुसतं लोटलेलं. मी पडद्यामागे नेलं तिला आणि कानाशी जाऊन विचारलं, बाहेर बसतेस का महिन्याच्या महिन्याला?

तिचा चेहरा उतरला. बोटं दाखवली. दोन महिने नाही.

"कोणाक सांगू नको गो. घोव मुंबयक." नवरा मुंबईला, आणि हिला दिवस.

मी सरांपाशी गेले. हळूच म्हटलं, फोटो नको काढूया, डॉक्टरांना विचारून येते. "कित्याक?" दिवस राहिलेत बहुतेक. एवढंच. कुजबुजत.

आणि सरांनी दारातून मुंडी बाहेर काढून, अख्ख्या पडवीला ऐकू जाईल असं डॉक्टरांना ओरडून विचारलं: "डॉक्टर! हिका दीस गेल्यात म्हणटा! फोटो काडूं काय नाका?"

बाकावर किती माणसं होती, देवच जाणे. सगळी वळून बघायला लागली. भिकाजी उठला. आत आला, तिचं मनगट धरलं, ओढत घेऊन गेला. कंबर दुखतेय म्हणून आलेली बाई, दुसऱ्या हातानं कंबर धरून फरफटत गेली.

सर: "कितें जालें? तूंच म्हणलें न्हू विचारूंक?"

विचारायला म्हटलं होतं, ओरडायला नव्हे. हे आता सुचतंय, तर समोर फक्त कागद.

२१ जाने.

मावशीला सांगितलं. ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "असलं विचारायचंच कशाला परक्या बाईला?"

विचारलं नसतं तर किरणं घातली असती. विचारलं तर हे. मग करायचं काय माणसानं?

आणि ते घर कुठलं, कसं, मला काय ठाऊक. तो दीर मात्र ठाऊक झाला.

२८ जाने.

सुनंदा नाही आली. सरांना विचारलं तर म्हणे पेशंट म्हणजे आपला सोयरा नव्हे. मी उलट बोलले. पहिल्यांदाच. म्हटलं, शिकवलंत एक, केलंत दुसरं. सर लालभडक झाले. "हळर्णच्या मास्तराची चली माका शिकयतली?" दिवसभर एकही फोटो काढू दिला नाही. मी स्टूलवर बसून होते, भिंतीकडे तोंड करून ठेवल्यासारखी.

५ फेब्रु.

भाषेचं बिल काल पास झालं, कोंकणी राजभाषा. बाबा हळर्णला जेवले नाहीत म्हणे. सर खुशीत. मला मुद्दाम हाक मारून पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, आणि चहा दिला. मी चहा घेतला, पोई ठेवली. त्यांनी बघितलं. बघू देत.

८ फेब्रु., रवि

पाळीला गेले. मावशीला खोटं सांगितलं की मैत्रिणीकडे. खाणीच्या रस्त्याला सगळंच तांबडं, झाडं, कुत्री, माणसांच्या भुवया. खोपट शोधायला वेळ नाही लागला. नाव काढलं की बायका एकमेकींकडे बघायच्या. म्हणजे गावभर झालंय.

सुनंदा पाणी भरत होती. मला बघितल्याबरोबर कळशी आपटली.

"तू कित्याक इलंस हय?"

कंबर कशी आहे बघायला.

"कंबार?" हसली. असलं हसणं नको पुन्हा बघायला. "नसतां इचारलंस तर आज माजां सगळां बरां असतां. आता भावजी माका जेवूक देत नाय पंगतीक. घोवाक निरोप धाडलो म्हणे, तुजी बायल अशी तशी."

मी म्हटलं, ओरडले ते सर.

"इचारलंस तूच मां?"

खरं आहे.

मग खाली बसली. तिनंच सांगितलं. नवरा, वसंत, ट्रकवर असतो, मुंबई–गोवा. भावाभावात जमिनीवरून वाकडं, म्हणून तो भिकाजीच्या या खोपटात पाऊल टाकत नाही. बाजाराच्या दिवशी तिला दिचोलीत गाठायचा. दिवाळीनंतर असाच आलेला. "ट्रकात र्‍हवलंय मी त्या राती." भिकाजी सगळ्यांना सांगतोय की भाऊ चतुर्थीपासून इकडे फिरकलेलाच नाही.

खरं की खोटं? वाटेत चालताना तेच डोक्यात. मग स्वतःचाच राग आला. तिच्या कंबरेची चौकशी करायला गेलेली मी, आणि येताना मनात न्यायनिवाडा!

जाताना मागून म्हणाली, "परत येव नको."

मार्च, कधीतरी. तारीख बघत नाही

फोटो, डार्करूम, बस. सर आणि मी कामापुरतं बोलतो. "फिल्मची कॅसेट." "घे." "मार्कर उजवा घातलास?" "घातला." बरं आहे असं. बाई पेशंट आली की दार मी स्वतः लावते, कडीसकट. सर दोनदा बाहेर अडकले. धाडधाड वाजवलं. उघडलं नाही काम होईपर्यंत.

२१ एप्रिल

आली. डावं मनगट सुजून टम्म. पोट आता दिसतं. भिकाजी बरोबर.

"पडलंय," सुनंदा म्हणाली, कुणी विचारायच्या आधीच.

भिकाजी तिच्या मागोमाग आत घुसायला लागला. म्हणे मी घरचा माणूस, माझ्यासमोर काय ते करा. मी आडवी आले. त्यानं मला खांद्यानं बाजूला सारलं. आणि मग सर उठले.

"भायर! हांगा पेशंट सोडून कोणाक जागो ना." भिकाजीची छाती त्यांनी तळव्यानं मागे रेटली आणि कडी लावली. एवढा मोठा माणूस तो, सर त्याच्या खांद्याला लागतात.

तिच्या पोटावर आम्ही शिशाचा एप्रन दोन पदरी घातला. हात मी उचलला, कोपर आणि पंजा दोन्हीकडून आधार देत, मध्ये कुठे लोंबू दिला नाही. ती कण्हली नाही. एकदाच म्हणाली, "जड आसा." एप्रन. म्हटलं, असू दे, बाळासाठी आहे. त्यावर डोळे मिटून घेतले तिनं.

दोन्ही हाडं मोडलेली. डॉक्टरांना मी सांगितलं, ही पडलेली नाही. ते फिल्म उजेडाला धरूनच म्हणाले, "ती पडले म्हणते. आपण हाड बघायचं."

हाड बघितलं. प्लास्टर घातलं. पाठवून दिली त्याच माणसाबरोबर.

संध्याकाळी सर म्हणाले, "आतां तरी राग सोड."

नाही सोडला. म्हटलं, जानेवारीत तुमचं तोंड बंद राहिलं असतं तर आज हात शाबूत असता. सर टोपी घालून गेले. मला वाटलं होतं असं बोलल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही.

२ जून, मंगळ

शनिवारी गोवा राज्य झालं. डॉक्टरांनी पेढे वाटले. सरांनी मला पेढा दिला नाही, टेबलावर ठेवला, मी उचलला.

सुनंदाचं प्लास्टर काढून फोटो घ्यायचा होता. एकटीच आली, चालत, घामाघूम. भिकाजी का नाही, विचारलं. "तेका कळवक नाय," एवढंच. तिच्यानंतर थोड्या वेळानं एक माणूस जनेलाशी, खिडकीबाहेर. बारीक, काळा, शर्टाला डिझेलचा वास.

"सुनंदा राऊळ हय इली?"

तू कोण?

"घोव तिचो."

नवरा. वसंत. मग म्हणाला, "बाय, माका एकच सांग. कितवो म्हयनो? भाव एक सांगता, मी हिशोब करून थकलंय."

मला ठाऊक होतं कितवा. दिवाळीशी जुळतं की नाही तेही ठाऊक होतं. एक आकडा, बस्स. तो सांगून टाकला असता तर... पण माझ्या तोंडून दुसऱ्यांदा नको. म्हटलं, तिलाच विचार. मी नाही सांगणार.

"म्हणजे काय लपवतास तुमी?"

नाही. तिची गोष्ट आहे, ती सांगेल.

आत जाऊन तिला सांगितलं. हात टेबलावर तसाच. "एकटोच इलो? काय भावावांगडा?" एकटाच. "रागात आसा?" मला कळत नव्हतं. थकलेला दिसत होता, राग असेलही. तसंच सांगितलं.

"आधी फोटो काड," म्हणाली.

काढला. हाड धरलंय, थोडं वाकडं. राहील ते तसंच.

मग ती बाहेर गेली. दोघांत बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मुद्दामच. जनेलातून दिसलं तेवढं: तो बोलत होता, ती बोलत होती. रस्त्यावर गेली दोघं. मध्ये चार हात अंतर. पाळीची बस आली, थांबली, सुटली. दोघं तिथेच.

तेवढ्यात सरांनी हाक मारली, एकाचा खांदा निखळलेला. शर्ट कापायचा होता, मलाच धरावं लागलं त्याला.

परत आले तर थांब्यावर कुणी नाही. समोरच्या चणेवाल्याला विचारलं. म्हणाला, म्हापशाची, मुंबईच्या वाटेची गाडी लागली होती मघाशी, पाळीच्या वाटेची साखळीचीही. कुणी कशात बसलं, त्यानं पाहिलं नाही.