विश्रामराव प्रधानांचे कागद

ठाणे, सोमवार, ११ जुलै १८८७

सापडलं! घाईत अक्षर वाकडं येतंय — येऊ दे.

शाळा सुटल्यावर ठमाकाकूंकडे डोकावले. फडताळाला वाळवी लागलेली, म्हणून आतलं सगळं ओटीवर काढून ठेवलेलं. आणि त्यात कापडी रुमालांत बांधलेले कागदांचे गठ्ठे! काकूंचे यजमान विश्रामराव मिठाच्या कचेरीत कारकून होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. रोज काही ना काही लिहायचे म्हणे. मी वरचाच कागद उचलला. मोडी! बाबांनी हट्टानं शिकवली होती, तेव्हा सगळे हसले होते — मुलीला मोडी कशाला? — आज कळलं कशाला! खाडीवर आगगाडीचा पूल बांधत होते तेव्हाची हकीकत आहे. भरतीला पाणी कुठवर चढलं, कोणाचा मचवा उलटला, चेंदणीचे कोळी साहेबाच्या तोंडावर काय बोलले. सगळं डोळ्यांदेखतचं!

दादा मुंबईला युनिवर्सिटीच्या ग्रंथालयात आहे. गेल्या खेपेला म्हणत होता, "सरदारांच्या सनदा येतात गं. साध्या माणसाचे कागद कोणी आणून देत नाही." आणून देते की नाही बघ!

काकूंना म्हटलं, हे मला द्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही हो मास्तरीणबाई. माझ्यामागे खाडीत सोड, असं सांगून गेलेत. इतके दिवस जिवावर आलं. ह्या नारळी पौर्णिमेला सोडणार."

खाडीत!!

१२ जुलै

डोळ्याला डोळा नाही. पौर्णिमा तीन ऑगस्टला.

१४ जुलै

युक्ती सुचली — वर्गात, पाढे म्हणून घेताना! मुली बघतच राहिल्या, बाई एकट्याच का हसतायत.

काकूंना वाचता येत नाही. तशीच गेले नि म्हटलं, "सोडायचं ते सोडा, पण काय सोडतोय ते एकदा ऐकून तरी घ्या." त्या खाली मान घालून वाती वळत राहिल्या. मला वाटलं, चुकलंच माझं. मग म्हणाल्या, "थोडंसंच हो. दिवेलागणीच्या आत."

रविवार, १७ जुलै

आज काय मजा झाली! एका कागदावर पाऊस, मिठाची रास, साहेबाची बदली — आणि खाली: "बोंबलाची कढी खारट. बोललो नाही. मिठाच्या कचेरीतल्या माणसानं मिठाची तक्रार कोणत्या तोंडानं करावी?"

काकू वातीबिती टाकून ताठ बसल्या. "खारट? अगो, दोन वाट्या ओरपल्या होत्या! तेव्हा दातखीळ बसलेली का?"

कागदाशी भांडण! आणि मग पदरात तोंड लपवून इतक्या हसल्या, की मलाही आवरेना. त्या घरात हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगायचं तर माझं स्वतःचंही कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

१८ जुलै

मी पोचायच्या आत काकूंनी पाट मांडून ठेवला होता.

२० जुलै

आगगाडी नवीन निघाली तेव्हा विश्रामराव कल्याणपर्यंत जाऊन आले होते. लिहितात: "पारसिकचा डोंगर पळताना पाहिला. ठमा बरोबर हवी होती."

पुढं वाचणार, तर काकूंनी हात धरला. "परत वाच."

वाचलं.

"मला म्हणाले होते, कोळसा डोळ्यांत जातो, बायकांनी बसू नये." हातातली वात खाली ठेवली. "असं मनात होतं, तर बोलायचं ना!"

रविवार, २४ जुलै

दादा आला! पुलाचे कागद चाळताना चहा गार झाला तरी शुद्ध नाही. "हे म्हणजे घबाड आहे," म्हणाला. पण नंतर म्हणतो, "कढीबिढी वेगळी काढू. घरातली भांडणं तिथं कोण वाचणार?"

मी काही बोलायच्या आत दाराआडून काकू — परपुरुषासमोर कधी आवाज न काढणाऱ्या काकू! — "मग पुलालाही आमच्याकडे कोणी विचारत नाही. घेणाऱ्यानं सगळं घ्यावं. नाहीतर खाडी आहेच."

दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला! मी कढीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. वाचला. ओठ दाबले. मग फुटलाच — खो खो हसला. "असू दे गं. सगळंच राहू दे."

पण काकूंनी 'देते' असं कुठं म्हटलंय?

१ ऑगस्ट

शेवटचा रुमाल वाचून झाला. काकू म्हणाल्या, "संपलं? नक्की?" नक्की, म्हटलं. त्यांनी गाठी आवळल्या. ठेवणार की सोडणार? मला विचारायचा धीर झाला नाही.

नारळी पौर्णिमा, ३ ऑगस्ट

चेंदणीच्या बंदरावर ही गर्दी! होड्यांना पताका, ढोल, कोळणी नटलेल्या. काकू आलवणाचा पदर पुढं ओढून माझ्याबरोबर. गठ्ठे बांबूच्या एका हाऱ्यात, हारा माझ्या डोक्यावर. मान मोडत होती, पण उतरवायची भीती — उतरवला की गेलेच!

काकूंनी नारळ सोडला. हात जोडले. मी डोळे मिटले.

"चल घरी."

"आणि हे, काकू?"

"माझ्याबद्दल जन्मभर लिहीत बसले, मला विचारलं होतं का? मग मीही त्यांना न विचारता ठेवते. दे तुझ्या दादाला. वाचू देत लोक."

भर गर्दीत मिठी मारली मी त्यांना! दोघी बोडक्या कपाळाच्या, सणाच्या दिवशी! लोक बघत होते. बघोत!

सोमवार, ८ ऑगस्ट

रजा काढून मुंबईला जाऊन आले. ग्रंथालयावरचा तो मनोरा! खालून वर बघताना टोपीवाल्याची टोपी पडेल असा. आत लाकडी कपाटं, आणि शांतता अशी की माझ्याच चपलांची मला लाज वाटली. दादानं माझ्यादेखत नोंद केली: विश्रामराव प्रधान, ठाणे, खासगी कागद. आणि कपाट लावून घेतलं. वाळवी नाही, ओल नाही. शंभर वर्षांनीसुद्धा कोणी उघडील, आणि त्यात ठमाकाकू असतील!

येताना गाडीभर मी आपली हसतेय.

११ ऑगस्ट

काकू आज आपणहून माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढं सगळं वाचलंस. मथू कुठं आली का गो त्यात?"

कोण मथू?

"आमची मुलगी. सव्वा वर्षाची होऊन गेली. रोज तुझ्यापुढं बसत होते ती त्याच्यासाठी. आज येईल, उद्या येईल. त्यांनी एक ओळ लिहिली नाही." मग माझी दौत माझ्याच पुढ्यात सरकवली. "घे. मी सांगते."