नंदाखालच्या जामीनदार

नंदाखाल,
६ ऑक्टोबर २०२५

चि. शॅनन हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

आणि हे पत्र तुझ्याआधी वाचणाऱ्या कारागृहातल्या साहेबांना नमस्कार. अक्षर स्वच्छ काढले आहे, चष्मा पुसावा लागणार नाही.

मी बरी आहे, म्हणजे चिडलेली आहे. रोझरीचा, जपमाळेचा महिना, मारियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून शेजारच्या घरी जाते. काल ती कार्मिनकडून आपल्याकडे यायची होती. मी ओटा धुतला, हार केले, वाटायला चणे उकडले. कार्मिन मूर्ती घेऊन माझ्या फाटकावरून सरळ पलीकडे ऑस्करकडे गेली. तिच्या मागून चालणाऱ्या बायका केळीच्या बागेकडे अशा बघत होत्या, जणू जन्मात केळ पाहिली नव्हती. चणे मी एकटीने खाल्ले. पोटाचे जे व्हायचे ते झाले.

कारण तो शब्द. तुमच्या भूमी हक्क मंचाचे नाव अतिरेकी संघटनांच्या यादीत गेले, आणि आईबापांमागे मी वाढवलेली वकील भाची, जी पाड्यांवरच्या लोकांना वनजमिनीचे दावे भरायला शिकवत होती, तीही अतिरेकी झाली. आमच्या ऑफिसातली विनया बाँबस्फोटात गेली. तो शब्द कशासाठी असतो हे मला कोणी शिकवू नये. म्हणूनच तो असा कुणावरही फेकलेला मला खपत नाही.

शाळेत आमच्या एक सिस्टर खोटे बोलणाऱ्या मुलीच्या गळ्यात पाटी अडकवत. एकदा माझ्या गळ्यात आली. तुझे आजोबा विचारायला गेले, की पोरगी काय खोटे बोलली? सिस्टर म्हणाल्या, आधी पाटी, चौकशी मग. पण शाळा सुटताना त्यासुद्धा पाटी काढून घेत. आजोबांना तर गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी पकडले तेव्हा दरोडेखोर ठरवले होते. पुढे त्याच दरोडेखोराला गावची शाळा झेंडा फडकवायला बोलवत असे. तुझ्या पाटीचे काय होते ते पाहायला मी जिवंत राहणार आहे, हे तिथल्या सर्वांना कळव.

जेवत जा. माया आहेच, ती मोजायला बसू नकोस.

तुझी,
सालोमी आत्या


कारागृह, महिला विभाग,
१९ ऑक्टोबर २०२५

ती. सालोमी आत्यास सा. न. वि. वि.

पत्र पोचले. साहेब चण्यांपाशी हसले, असे इथल्या शिपाईबाई सांगत होत्या.

कार्मिनमावशीवर रागावू नकोस. तिच्या मुलाचे, जेन्सनचे, आखाती देशात जायचे ठरते आहे, पासपोर्टची पोलीस चौकशी बाकी आहे. हा कायदा असाच काम करतो. बंदी मंचावर आली, पण गप्प झाले पाडे. दावा भरायला कोणी मनाई केलेली नाही, तरी कोणी भरत नाही. न जाणो, आपणही त्यातलेच ठरलो तर? यादीत नाव घालायला एक अधिसूचना पुरते. काढून घ्यायला अर्ज, समिती, कोर्ट आणि अर्धे आयुष्य.

आता चांगली बातमी. हायकोर्टाने जामीन दिला. नुसते सभेला जाणे म्हणजे कट नव्हे, असे म्हटले. खटला चालू राहील, पण मी घरी राहून लढू शकेन. दोन जामीनदार हवेत, स्वतःच्या नावावर घर किंवा जमीन असलेले. एक तू. दुसरे कोण, ते मला सुचत नाही.

आणि मागायला संकोच वाटतो असे एक मागते. माझ्याबरोबर सुकरी आहे, मंचाची कार्यकर्ती. तिलाही त्याच आदेशात जामीन मिळाला आहे. पण तिच्या पाड्यावर कुणाच्याच नावावर जमीन नाही. त्यासाठीच तर मंच होता. जामीनदार मिळाले नाहीत तर तिचा आदेश नुसता कागद राहील. जमले तर बघ. नाही जमले तरी मी तुझीच.

लोभ आहे तसा राहू दे. भांडण कमी झाले तरी चालेल.

तुझी,
शॅनन


नंदाखाल,
२ नोव्हेंबर २०२५

चि. शॅनन हिस अनेक आशीर्वाद, आणि साहेबांना पुन्हा नमस्कार.

तुझे पत्र वाचून आधी संतापले. स्वतःला दुसरा जामीनदार नाही आणि ही बाई अनोळखी मुलीसाठी दोन मागते. ऑस्करकडे गेले. तो म्हणाला, सालोमीताई, माझा जीव तुमचा, सही तेवढी मागू नका. जीव घेऊन मी काय करू, असे सांगून परत आले.

रोझरीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी गल्लीतल्या क्रुसाजवळ सगळ्या घरांची मिळून रोझरी असते. प्रार्थना संपल्यावर मी उभी राहिले आणि तुम्हा दोघींचे सगळे सांगितले. साध्या वेशातला एक पोलीस आला होता. माझ्याजवळ कोण थांबते त्यांची नावे तो लिहू लागला. बायका पांगायला लागल्या. मग ऑस्करची इनेझ, जी नवऱ्यासमोर कधी तोंड उघडत नाही, पुढे गेली आणि त्याला म्हणाली, माझं नाव नीट लिही बाबा, नवऱ्याचंही लिही, घराचं नावही घाल, आणि मी प्रार्थनेला येते हेही लिही. मग दुसरी आली, तिसरी आली. म्हातारी ॲंजेला तर आपल्या मेलेल्या सासूचेही नाव लिहून घ्या म्हणत होती. तो बिचारा घामाघूम झाला. शेवटी इनेझनेच त्याला पाणी दिले.

तुझी दुसरी जामीनदार इनेझ. घर तिच्या माहेरचे, तिच्याच नावावर. ऑस्करला विचारायची गरज पडली नाही.

सुकरीसाठी ॲंजेला आणि कार्मिन. हो, कार्मिन. मी तिला म्हटले, तू त्या मुलीला पाहिलेलंसुद्धा नाहीस, आणि जेन्सनचं काय? ती म्हणाली, जेन्सनलाच फोन केला, तो म्हणाला सही कर, मला उशीर झाला तर होऊ दे. मग म्हणाली, सालोमी, तुझं फाटक ओलांडलं त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. मी पुन्हा चणे उकडले आणि तिला वाढले. या वेळी एकटीने खाल्ले नाहीत.

काल वसईच्या कोर्टाजवळ आपल्या वकिलांकडे चौघींनी कागद दिले. मंचाचे नाव यादीत आहे तसेच आहे. ते काढायचा अर्ज तू घरी आल्यावर लिही. मजकुरातला राग मी कमी करणार नाही, फक्त व्याकरण तपासीन.

सुकरीला विचार, मासे खाते का. पाचूबंदरला बोंबील आले आहेत.

बाकी प्रेम समक्ष,
सालोमी आत्या