टेसचा भोपळा

लोरेटा,

तुम्ही दोघी उठायच्या आत निघतोय. ओट्यावर हॅलोविनसाठी नवा भोपळा ठेवलाय. पायरीवरचा जुना मघाशी उचलून टाकला. बुरशी येऊन त्याचं कोरलेलं तोंड पार आत बसलं होतं. टेसने पाहिलं असतं तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं.

हा कोरू नका. काळ्या रंगाने नाकडोळे काढा, म्हणजे मी परत येईपर्यंत टिकेल. कागदाची वटवाघळं कापून फ्रिजवर ठेवलीत, ती खिडकीत टांगा. टेसला घालायचं चादरीचं भूतही झालंय, फक्त डोळ्यांची भोकं तिच्या मापाने पाड.

हॅलोविनला यंदाही मी ट्रक घेऊन ओमाहाच्या वाटेवर असेन. हे मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. निदान कोरताना तरी मी असावं, म्हणून तेव्हाच चाकू काढला. टेस म्हणाली होती, "बाबा, आत्ताच कोरला तर सडेल ना?" मी म्हटलं, "छे गं, काही होत नाही."

तिने जुन्या भोपळ्याचं विचारलं तर माझी बाजू घेऊ नकोस. तिचंच बरोबर होतं आणि बाबाला ते तेव्हाही ठाऊक होतं, एवढंच सांग.

डेल