काशीरामचे डोळे

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा मालवणला! कुडाळ स्टेशनापासून एस.टी.त उभ्यानं आलो, कॅमेऱ्याची पिशवी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून. पण भरड नाक्यावरचा बाप्तिस्त अंकलांचा फोटो स्टुडिओ पाहिला आणि सांगलीतली वसुलीची नोकरी सोडल्याचं सार्थक झालं. खाली स्टुडिओ, वर माझी खोली, खिडकीतून झावळ्यांमागे समुद्राची निळी पट्टी. अंकल साठी ओलांडलेले, रोलच्या जमान्यातले. त्यांनी माझा महागडा कॅमेरा उलटसुलट करून पाहिला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं! म्हणाले, "आदी उजेड बघूक शिक, सुशांता. बटान मगे." उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! सेलिना आंटींनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. लाज सोडून पुन्हा पुन्हा भात मागितला.

१० नोव्हेंबर
कॅमेरा मिळाला. एक दिवा, एक पांढरी छत्री आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा, एवढ्यात अंकल माणसाचा चेहरा असा उजळतात की बघत राहावं. डोळ्यांत दिव्याचा ठिपका पडलाच पाहिजे, नाहीतर जिवंत माणूसही मेलेला दिसतो, असं ते सांगतात. सरावाला गिऱ्हाईक कुठून आणणार? मीच टायमर लावून स्टुलावर बसतो. माझ्याच थोबाडाचे ढीगभर फोटो झालेत. कॉम्प्युटरवरच्या कामात मात्र मी गुरूला मागे टाकलं. मुरमं, सुरकुत्या, पडलेला दात, सगळं दुरुस्त करून देतो. अंकलांनी स्वतः कबूल केलं. छाती फुगली.

१६ नोव्हेंबर
अंकल लग्नाच्या ऑर्डरसाठी कुणकेश्वरला गेलेत. दुकानात मी एकटा, तेव्हा दांडीच्या किनाऱ्यावर राहणारी सत्यवती आली. गेल्या महिन्यात तिच्या नवऱ्याची होडी उलटली. बाकीचे पोहून आले, काशीराम सापडला नाही. देहच नाही तर दिवस कुणाचे घालायचे, म्हणून कार्यही झालेलं नाही. तिला घरात लावायला फोटो हवा होता, हार घालायला नव्हे. फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला, आणि नेमकी तेव्हाच त्याची पापणी लवलेली. डोळे उघडे करून मिळतील का, असं तिनं भीत भीत विचारलं.

मी माझे लावले. रंग जुळवला, दिव्याचा ठिपका राखला, कुठं सांधा दिसेना. फोटो पाहून ती रडली. "बघता तो माका," म्हणाली. डोळे कुणाचे ते मी सांगितलं नाही. कौतुकच एवढं गोड लागत होतं.

१९ नोव्हेंबर
अंकलांनी आज तो फोटो कॉम्प्युटरवर पाहिला. "डोळे कोणाचे रे हे? खंयसून हाडलंस?" मी थाप मारली, बाईकडे दुसरा फोटो होता म्हणून. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी असतो तर मिटलेलेच दिले असते, म्हणाले. "मिटले तर मिटले, तेचे तरी आसत."
जेवण गेलं नाही. मन खातंय.

२३ नोव्हेंबर
कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला, डावा मिटला, आणि मिटलेल्या डोळ्याला खोली दिसली. निळी भिंत, प्लॅस्टिकची खुर्ची, कोपऱ्यात जाळ्याचा ढीग. सगळं वरून, जरा तिरकं. पासपोर्ट फोटोला बसलेला माणूस ताटकळला, मला बटण दाबताच येईना.

दुपारी दांडीला गेलो. सत्यवतीच्या घरात तीच निळी भिंत, तीच खुर्ची, तेच जाळं. समोर, उंचावर, फोटो. कुठंही बसलं तरी तो माझ्याकडेच बघतो, असं ती सांगत होती. चेहऱ्यावर केवढं समाधान! तिनं चहाचा एक कप माझ्यापुढे ठेवला, एक फोटोपुढे. खरं सांगायलाच गेलो होतो. पण सांगितलं तर तिचा नवरा दुसऱ्यांदा जाणार. चहा पिऊन परतलो. भ्याडपणाला दयेचं नाव देत आलो.

२७ नोव्हेंबर
आता दोन्ही मिटले तरी तेच घर. ती रडते ते दिसतं. लुगडं बदलते तेही दिसतं. मला मान वळवता येत नाही, फोटोला पापण्या नाहीत. तिला वाटतं नवरा बघतोय. बघतोय मी! शरमेनं मेल्यासारखं झालंय.
माझे सगळे फोटो पांढरेफटक येतायत, असं अंकल म्हणाले. मला तर स्टुडिओत अंधारच दिसतो. मी उजेड वाढवतच जातो.

१ डिसेंबर
सत्यवती स्टुडिओत आली होती. आवाजावरून ओळखलं. सांगत होती, फोटोतले डोळे ओले दिसतात, काचेमागून. "तेका आता घरात रवाक बरां वाटणा नाय." मग मलाच विचारलं, "डोळ्यांका कायतरी केलंस काय रे बाबा?"
विचारलं तिनं. तोंडावर विचारलं.
मी नाही म्हणालो.

४ डिसेंबर
काही दिसत नाही आता, दांडीच्या घराशिवाय. बोट ओळीवर ठेवून लिहितोय —
तिनं फोटो खाली काढला. काच पुसली. तोंड केवढं जवळ. ओठ हलतात, ऐकू येत नाही — दार — वाळू —
समुद्राकडे नेतेय. फोटोत अडकलेला जीव समुद्रातल्या काशीरामला परत द्यायला. तिच्या मनानं ती बरोबरच — पण डोळे माझे, तळाशी जातील ते —
अंकलांना हाक मारली. सगळं सांगितलं. सगळं. स्कूटर गेली —

पाणी तिच्या गुडघ्यांना. फोटो हातात, तोंड तिच्याकडे. तिच्या खांद्यामागे किनारा — अंकल! पळतायत, वाळूत पडले, उठले. हात हलवतात. तिनं मान वळवली. ऐकतेय —

पोचले. वेळेत पोचले. देवा —

अंकल बोलतायत. अंकलांनी फोटोसाठी हात पुढे केला, तिनं दिला नाही —
आता बघतेय. काशीरामकडे नाही. माझ्याकडे. इतके दिवस मी तिला पाहिलं, ती पहिल्यांदाच मला —
सत्यवती, मी सांगणार होतो, मी खरंच —
कमरेपर्यंत पाणी. अंकल मागे राहिले. नजर काढत नाही ती. रडतही नाही. फोटोवरची बोटं सैल —